खरबुजाचं गारेगार

गयाबाईनं दोन खरबुजं ठेवली
थेट बाळंतपणाच्या रजिस्टरवर.
"पैशे घेत न्हाईस, मग ह्ये तरी घे,"
आणि नातीचं वजन पुन्हा एकदा विचारून घेतलं.
दोन किलो आठशे.
वाळूत पोचेपर्यंत वाटेत किती जणांना
तिनं ते सांगितलं असेल, कुणास ठाऊक.

एक फळ शाबूत. दुसरं देठाशी उललेलं,
आणि उललेलं फळ कुणासाठी थांबत नाही.
दिवेलागणीपर्यंत खोलीभर त्याचाच वास.
गंगाखेडातला मे. वरचा पत्रा
दिवसभराचं ऊन अजून परत करत होता.

कापलं. बिया वाटीत काढल्या,
धुऊन खिडकीत वाळत घातल्या.
गर चमच्यानंच निघाला, केशरी, ओघळता.
दूध घातलं नाही. आई म्हणायची,
खरबूज नि दूध पोटात भांडतात,
आणि इथं भांडणं सोडवायला मी एकटीच.
एका मोसंबीचा रस, चिमूटभर मीठ,
रवीनं घुसळलं. चाखलं. गोड होतं.
तरी हात साखरेच्या डब्याकडे गेला,
दोन चमचे, मग आणखी एक.
पाहुण्याला द्यायचं म्हटलं की हात असाच जातो.

दवाखान्यात एक फ्रीज आहे, लसींचा.
गावाची वीज गेली तरी त्याची थंडी जात नाही.
रोज दोनदा त्याचं तापमान मीच लिहिते
आणि त्यात पाण्याची बाटलीही ठेवत नाही.
म्हणून पाच पेले ताटात घेऊन
जिना उतरले नसीम आपांकडे.
त्यांनी कालचं सालन खालच्या कप्प्यात सरकवलं,
बर्फाचा ट्रे काढून मटक्यात रिकामा केला,
"रख दे बेटा, लेकिन लाइट का भरोसा नई."

दहाला गेले, काट्यानं सगळं मोडलं,
कडेचा बर्फ मधे, मधलं पातळ कडेला.
असं मोडलं नाही तर दाताखाली खडे येतात.
मग प्रत्येक पेल्यात एक पट्टी उभी केली,
जीभ दाबून घसा बघायची, लाकडी,
मेडिकलमधून घेतलेली, कोरी.
बाराला पुन्हा गेले, नुसतं बघायला.
"क्या करायली गे इत्ती रात को?"
आपांची मराठी आणि माझी हिंदी
जिन्यात अशाच एकमेकींना भेटतात.

वीज चारला गेली.
तोवर पट्ट्या घट्ट धरल्या होत्या.

रद्द यादीत गेलेला निळा डबा आहे माझ्याकडे,
पोलिओच्या फेऱ्यांतला, कडी तुटलेला.
दोन पेले आपांच्या घरात राहिले,
तीन डब्यात, भोवती ओलं पोतं.
सहाला मी गंगेच्या वाळूत उतरले.
गंगा पार तिकडे, डोहात गोळा होऊन पडलेली.
इकडे वेल, वेलांवर फळं, आणि खोप.

पेला तळहातांत फिरवला. सुटलं.
उन्हाच्या रंगाचं, पण गार.
"कशाचं गं?"
"तुमचंच."
अनुसयानं पदराखालून हात पुढे केला
तर गयाबाईनं मधेच पकडला,
"बाळंतीण हाय ती. गार चालत न्हाई."
मी म्हटलं, काही होत नाही, मी सांगते ना.
"तू औषिदाचं सांग."
आणि स्वतःच चाखायला घेतलं, तपासल्यासारखं.
अर्धं संपेपर्यंत एक शब्द नाही.
मग म्हणाली,
"साखर कशाला घातलीस?
आमच्या मालाला साखर लागत न्हाई."

मी वाळूकडे बघत राहिले.
तिचंही बरोबर होतं.

खोपीत नात रडली. गयाबाई आत वळली,
जाताना पट्टी माझ्या हातात देऊन,
टोकाला अजून बोटभर बर्फ.
मी अनुसयाकडे वळले
आणि सवयीनं तोंडातून येणारच होतं,
आ कर.
तिनं आधीच केला होता.