एकाच वेळी काय काय

दोंडाईचा. मे महिना, दुपारचे साडेतीन.
सैंदाणेंच्या जिन्याखाली लाकडी पाटी,
तिच्यावर चिनी मातीचे दोन किटकॅट.
एक उपसून पाहिला :
फ्यूजच्या तारेऐवजी मोटारीच्या वाइंडिंगचा तुकडा,
तिपदरी पिळलेला.
"हे कोणी केलं?"
शेवंताबाई आतल्या खोलीकडे हनुवटी करतात.
"त्यासनीच. तव्हय हात चालेत."

बिलावर मंजूर भार दीड किलोवॅट.
खिशातली मिरचीच्या काट्याची पावती उलटी केली,
मांडीवर घेऊन लिहायला बसलो.

दिवे चौदा, नऊ-नऊ वॅटचे, एकशे सव्वीस.
पंखे सहा. साडेचारशे.
दोन कूलर, एक फ्रिज, सहाशे.
टीव्ही शंभर. "लावतच नाही आम्ही."
तरी धरला.
मिक्सर साडेसातशे. इस्त्री हजार,
तिच्या बुडाला जुना चॉकलेटी डाग.
गिझर दोन हजार.
कपड्यांचं मशीन पाचशे, नाशिकहून मुलानं पाठवलेलं,
अजून खोक्यात, वर बिबड्यांचा डबा.
एसी यायचा आहे, सतराशे,
भिंतीला भोक आधीच पाडून ठेवलंय,
त्यात चिंधी कोंबलीय.
पाण्याची मोटार सातशे सेहेचाळीस,
सुरू होताना मात्र क्षणभर पाचपट मागते.

नळ येतो आठव्या दिवशी, पहाटे.
तेव्हा सगळ्या गल्लीच्या मोटारी एकदम.
बल्ब लाल होतात,
आणि आतल्या खोलीतलं मशीन
टी टी टी करत राहतं.

त्या मशीनचे साडेतीनशे वॅट.
निंबाजी तीस वर्षं जिनिंगमध्ये होते.
नाकाशी नळी, छातीत कापूस.
मला बघून हात उचलतात,
"पिंजारीना पोर्‍या ना तू?"
हो म्हटलं.
आमच्या वडिलांची तांत वाजायची, तेव्हा
घरभर असाच पांढरा धूर असायचा.
पुढचं मी बोललो नाही, तेही नाही.

ओट्यावर येऊन शेवंताबाईंना समजावलं :
सगळं काही एकदम चालत नाही ना, ताई,
म्हणून बेरजेला साठ टक्क्यांनी गुणायचं.
सांगा, एकाच वेळी काय काय चालू असतं?

त्या हसल्या.
"मिक्सर लावला की कूलर बंद करते.
गिझर तापेपर्यंत इस्त्रीला हात नाही.
मोटारीच्या दिवशी फ्रिजसुद्धा काढते.
पंखा त्यांच्या खोलीतला तेवढा. मी ओट्यावर झोपते."

इतकी काटेकोर सवलत
आमच्या कोष्टकात नाही.

सात हजार नऊशे बहात्तरचे साठ टक्के :
चार हजार सातशे त्र्याऐंशी.
मशीनला सूट नाही, ते पूर्ण धरायचं.
पाच हजार एकशे तेहेतीस.
दोनशे तीसनं भागलं, बावीस अँपिअर आणि वर थोडं.
हा किटकॅट पंधराचा.

मग सामान सांगितलं : सहा किलोवॅटचा अर्ज,
मीटरपासून जाड तांब्याची वायर,
आठ खणांची पेटी, गळती पकडणारा एक ब्रेकर,
अर्थिंगला खड्डा, पंचवीस किलो मीठ, तेवढाच कोळसा.
"इतलं मीठ? मनं दहा वरीसनं लोणचं व्हई जाई."

आणि खरं तेही सांगून टाकलं :
घरातली वायर मी बदलीन,
गल्लीचा व्होल्टेज माझ्या हातात नाही.
वीज गेली तर काय, हा रकाना पावतीवर नव्हताच.
कोपर्‍यात "बॅटरी" लिहिलं,
पुढे आकडा टाकला नाही.

चहा गॅसवर झाला.
कप खाली ठेवताना त्या हळूच म्हणाल्या,
"माळ्यावरच्या खोलीमा एक पंखा शे.
पोरगी येस दिवाळीले, चार दिन.
तो धरा का?"

नव्हता धरला.
पंचाहत्तरचे साठ टक्के, पंचेचाळीस.
खाली जागा संपली होती.
पावती सुलटी करून
मिरचीच्या वजनाशेजारी लिहिलं.