डावी मागची

रात्री सरळ उभी केलेली गाडी
सकाळी डाव्या कुशीवर.
पाठारेबाई म्हणाल्या, मला घड्याळ लागत नाही,
साडेतीन वाजले की पोळपाटावरचं लाटणं
आपलं आपण सिंककडे निघतं.

मी मागच्या कमानीवर खडूची रेघ मारली,
जमिनीपासून टेप धरली. साडेअठ्ठावीस.
"रात्री आत झोपणार? इथं, गॅरेजात?"
"घरातच झोपते मी. तुम्ही तुमचं बघा."

कळंबोली. स्टील मार्केटच्या मागची गल्ली.
इथे हवा कुठून जाते ते कानाने शोधायचं
म्हणजे वरातीत कुणाचा तरी सुस्कारा ओळखायचा.
क्रेन, कॉइल, रिव्हर्स घेणाऱ्या ट्रेलरची टीं टीं,
ढाब्यावरचा टीव्ही.

म्हणून आधी साबण.
ब्रश बाईंनी दिला, दाढीचा, केस झडलेला.
"यांचा आहे. पडूनच होता."
बेलोच्या घडीघडीतून फिरवला,
क्लिपांवरून, नळ्यांच्या सांध्यांवरून,
टाकीखालच्या कॉकवरून.
कुठे म्हणून एक बुडबुडा नाही.

लहानू म्हणाला, उस्ताद, बेलोच बदलून टाकू,
बिलात चांगला दिसतो.
दिसतो, ते खरंय.
रबराचं हे असंच.
फुगलेलं तेच दिसतं, म्हणून फुटलंही तेच असणार.
मी लाइन सोडवली, बेलोच्या तोंडाशी बूच ठोकलं,
टायरवर बसून दोन चहा प्यालो,
मग तिसरा.
टेप पुन्हा धरली. साडेअठ्ठावीस.
बेलो निर्दोष.
लहानूचं तोंड एवढंसं.

बूच काढलं, लाइन जोडली, रात्र होऊ दिली.

पावणेतीनला क्रेनवाले डबा खायला बसतात.
जेमतेम वीस मिनिटं.
पाठीखाली पुठ्ठा, कानाला हातभर नळी,
दुसरं टोक अंधारात चाचपत.
चेसीस गार पडताना टक्‌ करते. ते नव्हे.
वर बाई कूस बदलतात. ते नव्हे.
व्हॉल्व्हपाशी आलो आणि
ओठ न हलवता कुणी 'स' म्हणावा
तेवढंच.

सांध्यात नव्हतंच काही.
गाडी खाली घेताना हवा जिथून सोडायची
त्या तोंडावर साबण टेकवला.
बुडबुडा फुगत गेला, सावकाश,
त्यात रस्त्यावरचा दिवा पिवळा, उलटा.
फुटला. दुसरा आला.
चोरी कसली, भोक कसलं,
हवा रीतसर दारातून जात होती,
दारच लागत नव्हतं.

सकाळी व्हॉल्व्ह उघडला.
रबरी बैठकीवर एक पांढरा कण,
नखावर घेतला तर मिठासारखा.
हा ड्रायरमधला. ओल धरायला भरलेले दाणे
वेळेवर बदलले नाहीत की त्यांचं पीठ होतं,
ते हवेबरोबर पुढे जातं, आणि जिथे बंद व्हायचं
नेमकं तिथे जाऊन बसतं.
"कधी बदललाय?"
बाई चष्मा पुसत राहिल्या.
"तीन वर्षं झाली. ते हेच बघायचे."
ब्रश धुऊन त्यांनी पदराला टिपला.

नवा ड्रायर. नळ्या उलट्या फुंकून साफ.
व्हॉल्व्हला नवी बैठक.
लहानूने बिलात तीनही चहा लिहिले, मी खोडले,
बाईंनी पुन्हा लिहायला लावले.

दुसऱ्या सकाळी टेप त्यांनीच धरली.
"पाव इंच कमी!"
पहाटेच्या गारव्याने हवा आकसते, बाई.
ऊन आलं की परत येईल.
"म्हणजे बिघाड नाही?"
नाही.
खात्री पटली नसावी.
दहा वाजेपर्यंत स्टूल टाकून चाकाशी बसल्या,
टेप मांडीवर.

निघताना लहानूने गाडी धुवायला पाइप धरला
तर म्हणाल्या,
सगळं धू.
ती खडूची रेघ तेवढी राहू दे.