मोरस

अर्जुनवाडच्या मळीला, आमच्या चोपणात
ऊस येत नाही. हरळीसुद्धा विचार करून उगवते.
चैत्रात माती पांढरी फुटते,
चालताना पायाखाली पापड मोडल्याचा आवाज.

हेमा तांडेल सिस्टर वस्तीवरून परतताना
लसीची पेटी बांधावर ठेवून खाली बसल्या.
एक शेंडा खुडला. पान बोटांत फिरवलं:
चपटं नाही, गोलसर,
भिजल्या तांदळाएवढं, दाबलं की पाणी.
दाताखाली धरलं.

"अवो सिस्टर, तण हाय त्ये. म्हस तोंड लावत न्हाई."

"मोरस," त्या म्हणाल्या.

आमच्याकडं जुनी माणसं साखरेला मोरस म्हणायची.
मी तसं सांगितलं. त्यांनी दुसरा शेंडा माझ्या तोंडात दिला.
साखर नव्हती.

उरणला खाडीच्या कडेनं त्यांची आई खुडायची.
पण समुद्र इथून घाटाखाली, केवढा तरी लांब,
त्यांचीच खात्री होईना.
"कार्तिकात देठाकडनं तांबडी झाली तर तीच."
थांबलो.
झाली. भट्टीतून काढलेल्या विटेसारखी.
बी काळं, चकचकीत, मोहरीहून बारीक,
वहीच्या कागदात पुडी बांधली.

मी नर्सरीवाला. मला वाढवता येतं, असा माझा समज.
चाळीस पिशव्या. पोयटा, शेणखत,
कृष्णेचं गोडं पाणी दोन्ही वेळ.
रोपं गुडघ्याला आली, अशी हिरवी
की गिऱ्हाईक विचारायला लागलं.
चव? गवत.

"लाड केलेत," सिस्टर म्हणाल्या.

मग निचऱ्याच्या पायपातून गळणारं ते मचूळ पाणी,
ज्याला आम्ही नाक मुरडतो,
आठवड्याला तांब्याभर.
वाढ खुंटली. पानं फुगली.
महिन्याभरानं जिभेला ओळख पटली.

दोनदा उकळून पाणी ओतून दिलं,
तुरीची डाळ, लसूण, जयसिंगपूरच्या बाजारातली सुकट.
बायको सवयीनं मिठाच्या बरणीकडं गेली,
सिस्टरनी तिचा हात धरला.

आबांनी विचारलं, "कुठल्या रानातली?"
मी सांगितलं.
त्या रानात जिप्सम ओतून, चर खणून
मीठ काढता काढता त्यांचे केस पांढरे झालेले.
घास तोंडात, चावायचे थांबले.
आम्ही सगळे बघतोय.

"जरा अळणीच हाय," आबा म्हणाले,
आणि ताट पुढं केलं.