पळालेल्याची धूळ

संध्याकाळी बातम्यांआधी पंधरा मिनिटं कार्टून लागायचं.
खाणीवरून आलेले बाप्ये दारातच थबकायचे,
भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या,
आणि पडद्यावर कुणीतरी धूम ठोकायचं:
आधी पाय जागच्या जागी हवेत गरगर,
मग नुसता ढग.
चार गोळे, एक शेपूट, दोन-तीन रेघा.
पळणारा केव्हाच चौकटीबाहेर.

दिंकाने तो ढग कोरलाय.

पुचिश्चाच्या धक्क्यावर, बोट लागते तिथे,
नगरपालिकेला हवा होता खलाशी.
दोरखंड, नांगर, दूरवर लावलेली नजर वगैरे.
तिने दिला साडेतीन टन फुफाटा.

जवळ गेलं की ढगही उरत नाही तो.
पावासारखं फुगलेलं काहीतरी, पोटासारखं,
मध्ये एक भोक, कोपरापर्यंत हात जाईल एवढं,
पलीकडे बोटांना समुद्राचा वारा लागतो.
शेपटाकडे दगड इतका पातळ
की चारच्या उन्हात आतून मधासारखा उजळतो.
तेवढ्यासाठी तीन महिने गेले.
एकदा टोक तुटलं,
तेव्हाच्या शिव्या इटलीच्या किनाऱ्यावर ऐकू गेल्या असतील.
कोरताना उडालेली खरी धूळ
तिने झाडून आईच्या कोंबड्यांना घातली.
अंड्यांची कवचं टणक होतात म्हणे.

"ते ठीक, पण पळाला कोण?"
बार्बा यूरे काठी आपटून विचारतात.
दिंका खांदे उडवते.

मग पाववाली म्हणते, आमच्या पणजोबांचा भाऊ.
द्राक्षवेलींना कीड लागली त्या साली, चिलीला.
पोस्टमन म्हणतो, थोरली बहीण, म्युनिकला,
दोन वर्षांसाठी म्हणून.
मारिएता काहीच म्हणणार नव्हती, पण म्हणते,
माझा तोन्ची. डब्लिन. गेल्या मंगळवारी.
चार्जर इथेच विसरला.

बार्बा यूरेंचं कुणी गेलेलं नाही.
जाणार होते ते स्वतः.
एकोणीसशे अडुसष्ट, ऑस्ट्रेलिया, तिकीट कोटाच्या आतल्या खिशात,
आणि याच धक्क्यावर
बोट सुटून ठिपका होईपर्यंत
पाय जागच्या जागी हवेत गरगर.

हे सगळ्यांना माहीत आहे. कुणी बोलत नाही.
पोरं भोकातून एकमेकांना जिभा दाखवताहेत.

बार्बा यूरे काठी टेकतात,
ढगाच्या सगळ्यात खालच्या गोळ्यावर
सावकाश बूड टेकवतात.
"गार आहे," म्हणतात.
आणि थोड्या वेळाने,
"बसायला बरा आहे."