दैनंदिन ठेव

सोळा वर्षं मी याच दारांवर उभी राहिले,
खांद्याला कापडी पिशवी, हातात पावतीपुस्तक,
नाशिकरोडच्या पतपेढीची पिग्मी गोळा करत.
कुणाकडे दहा, कुणाकडे वीस,
शब्बीरभाईंकडे शुक्रवार सोडून पन्नास.
मग त्या थंडीत पिशवी घरी ठेवली
आणि नुसते हात जोडून गेले.

गयाबाई दोंदे आतून दहाची नोट घेऊनच आल्या.
म्हटलं, आज पैसे नकोत मावशी, मत पाहिजे.
त्या नोटेकडे पाहत राहिल्या.
"मग हे कुठं लिहिशील?"

चिन्ह मागितलं होतं कपबशी.
मिळाला रोडरोलर.
देवळालीगावातल्या आमच्या गल्लीत घंटागाडीसुद्धा
रिव्हर्सनं शिरते, आरसे मिटून,
तिथं मी छातीवर रोडरोलर लावून फिरले
आणि पोरं मागून धडधड आवाज काढत आली.

डिसूझा टीचरनी चष्मा बदलून पत्रक वाचलं,
दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं
आणि परत दिलं.
सुतारांच्या म्हाताऱ्यानं विचारलं, कोणाची तू?
प्रेसवाल्या खैरनारांची, म्हटल्यावर
त्याला माझं सातवीतलं नापास होणं आठवलं,
टाकीवरून मला उतरवायला आणलेली शिडी आठवली,
शिडी त्याचीच होती, एक पायरी तेव्हा मोडली.
गटारीचं मग बोलू, म्हणाला.

गाव सोडून गेलेल्याला परत येऊन उभं राहणं सोपं.
मी कुठे गेलेच नव्हते.

मतदार यादीत अण्णा अजून जिवंत होते.
वय एक्क्याऐंशी, घर क्रमांक तोच,
फोटोत प्रेसच्या ओळखपत्रावरचाच शर्ट.
पेननं काट मारायला गेले
आणि एक मत तरी पक्कं, असं मनात आलं.
माझी मलाच लाज वाटली.
काट मारली नाही ती नाहीच.

चौतीस वर्षं अण्णांनी नोटा मोजल्या,
रोज संध्याकाळी गेटवर झडती देऊन
शाईच्या वासाची रिकामी बोटं घरी आणली.
मतदानाच्या आदल्या रात्री गल्लीत पाकिटं फिरली.
मी अंथरुणात जागी.
भिंतीपलीकडे कुणीतरी मोजत होतं,
अंगठा ओला करून, सावकाश.
मोजणारा दोनदा चुकला, पुन्हा पहिल्यापासून.
अण्णा कधी चुकले नसते.

निकाल सांगण्यासारखा नाही.
आमच्या केंद्रावर त्रेसष्ट.
त्याच केंद्रातली माझी खाती एकशे अठ्ठावीस.

तिसऱ्या दिवशी पिशवी घेतली.
दारोदार एकच: आमच्या घरातलं तुलाच हं, ताई.
सगळ्यांचं खरं धरलं
तर मी दोन प्रभागांतून निवडून आले असते.
बेरीज करायची नाही असं ठरवलं होतं,
पण बेरीज हाच माझा धंदा;
चप्पल काढायच्या आत नजर चौकटीवर जायची,
इथे चार असतील, इथे एक,
इथे, हसण्यावरून, एकही नाही.

निवृत्ती बागूल तेवढा ओट्यावरून म्हणाला,
"तुला नाही दिलं गं कालिंदे.
पोराचा टेम्पो त्यांच्याकडे लागलाय."
मी म्हटलं, हं.
त्यानं आत हाक मारली, पाणी आणा कुणीतरी.
त्या दिवशी पहिल्यांदा मी कुठेतरी बसले.

वीस रुपये. चिकटपट्टी लावलेली नोट.
तारीख घातली, सही केली, पावती फाडली,
तेव्हा कळलं, कार्बन उलटा लागलाय.
अक्षरं सगळी त्याच्या पावतीच्या पाठीवर,
उलटी.
माझ्याकडची प्रत कोरी.