पाठीशी

आमच्या कोमोदोरोत वारा आधी येतो,
मग बाकीचं सगळं.
गाडीचं दार दोन्ही हातांनी धरून उघडायचं
नाहीतर बिजागरीसकट जातं,
हे इथल्या पोरांना शाळेआधी कळतं.

नाउएल सहा वर्षांचा होता.
शाळेच्या चढावर मी पुढे चालायचो, तो माझ्या पाठीशी,
माझ्या जॅकेटचा पट्टा मुठीत धरून.
वाळू, खडे, समुद्राचं खारं पाणी, जे काय यायचं ते माझ्या तोंडावर.
तो दिसायचा नाही मला.
पट्ट्याला ओढ लागली की समजायचं, आहे.
ती ओढ कधी थांबली,
खरं सांगतो, मला आठवत नाही.

मग शाळेतून चिठ्ठ्या. मग चिठ्ठ्यासुद्धा नाहीत.
ग्रिसेल्दाच्या कपाटातले पैसे.
दाराला पडलेलं भोक, मुठीएवढं,
त्यावर मी कॅलेंडर टांगलं
आणि डिसेंबर संपला तरी काढलं नाही.

पोचे काढणं हा माझा धंदा.
तेलकंपनीच्या गाड्या येतात, चेपलेल्या, खरवडलेल्या,
संध्याकाळी नव्यासारख्या परत जातात.
म्हणून त्या रात्री अडीच वाजता
माझीच गाडी शेडमध्ये शिरली
आणि तो म्हणाला, "खांबाला घासली,"
तेव्हा मी फक्त बोटं फिरवली पत्र्यावरून.
खांब असा मऊ लागत नाही.

काही बोललो नाही.
हातोडी घेतली. मागून लाकडाचा ठोकळा लावला.
तो दिवा धरून उभा राहिला,
लहानपणी धरायचा तसाच, जरा वर, जरा तिरका,
माझ्या हाताची सावली कामावर पडू नये असा.
इतकं सगळं विसरला होता पोरगा, हे नाही.

दोन ठोके मारले मी.
दुसऱ्या ठोक्याला दिव्याच्या फुटक्या काचेतून
लोकरीचा धागा खाली आला.
निळा. हातमोज्याचा असावा.

हातोडी ठेवली, घरात गेलो, फोन केला.
परत आलो तर तो तिथेच,
दिवा धरून.

एवारिस्तो नाव त्या माणसाचं. गोदामाचा रात्रपाळीचा पहारेकरी,
सायकलीवरून घरी निघालेला.
जगला. एक पाय गुडघ्यापर्यंत आहे.
मी दोनदा गेलो त्यांच्याकडे.
पहिल्यांदा कुणी आलंच नाही दाराशी.
दुसऱ्यांदा त्याच्या बायकोने उघडलं, दोन्ही हातांनी,
आणि तसंच धरून ठेवलं,
ना आत ये, ना जा.
वारा त्यांच्या घरात भरत होता, म्हणून मीच निघालो.

ग्रिसेल्दा आता बहिणीकडे निजते.
जाताना म्हणाली,
पोटच्या पोराला पाठीशी घालतात माणसं.
तू पाठीत घातलंस.
यावर काय बोलणार. चहाचं भांडं घासत राहिलो.

रविवारी सुधारगृहात अर्धा तास मिळतो.
बुटाच्या नाड्या काढून ठेवाव्या लागतात, बापालासुद्धा.
मधे टेबल, पायांना बोल्ट मारलेलं.
केस कापलेत त्याचे, कान मोठे दिसतात, सहा वर्षांच्या वेळचे.
मी जेवणाचं विचारतो. तो "हं" म्हणतो.
मी थंडीचं विचारतो. "हं."

परवा त्यानेच विचारलं, गाडीचं काय केलं?
परत दिली पोलिसांनी, म्हटलं. आहे तशीच चालवतो.
पोचा?
आहे.
गिऱ्हाइकं हसत असतील.
हसतात.

बराच वेळ तो टेबलाच्या बोल्टवर अंगठा घासत होता.
मग, वर न बघता, हळू,
पहारेकऱ्याला ऐकू जाणार नाही इतकं हळू,
"ते दोन ठोके. सांगितलेस का त्यांना?"

नाही, म्हणालो.

"मीपण नाही," म्हणाला.