साडेबारा ते तीन

पंधरा जूनला माझा लिहिण्याचा हंगाम सुरू होतो.
सरकारी फतवाच आहे तसा:
साडेबारा ते तीन, उन्हात कुणी काम करायचं नाही.
फतव्यात कादंबरीचा उल्लेख नाही,
पण मनाईही नाही.

रास अल खैमा, अल रम्सच्या अलीकडची साइट.
पोरं जिन्याखाली पुठ्ठे टाकून आडवी होतात.
रामसूरत गवंडी तोंडावर ओला गमछा ओढतो.
मी स्टोअरकीपर,
कंटेनरात सिमेंटच्या थप्पीला टेकून
डिलिव्हरी चलनांच्या पाठकोऱ्या बाजूवर
अनसाबाईला हाक मारतो.

अनसाबाई हाडवैद्य, गडहिंग्लजकडची.
पहिल्या उन्हाळ्यात ती सात ओळींची होती.
तिसऱ्यात तिला लेक झाली,
पाचव्यात लेक पळून गेली,
मला न विचारता.
बाहेर पारा अठ्ठेचाळीसवर
आणि तिच्या परड्यातल्या शेणी भिजू नयेत म्हणून
मी घाईघाईनं ताडपत्री ओढतोय.
एकदा घामाचा थेंब पडून ‘पाऊस’ हा शब्द फुटला.
तसाच ठेवला.

जुलै सरता सरता हवा ओल्या फडक्यासारखी तोंडावर बसते.
शाई वाळत नाही. वाक्यं लांबतात.
उबेद, म्हातारा मासेमार, टोपलीभर खजूर आणून देतो,
अर्धा पिवळा, अर्धा मऊ,
आणि चिकट बोटांना पानं चिकटून येतात.

ऑगस्टअखेर पहाटे तोच दक्षिणेकडे बोट करतो:
“सुहैल निघाला. आता रात्री निवतील.”
आमचा अगस्ती तो.
आजा म्हणायचा, अगस्ती उगवला की ओढ्याचं पाणी निवळतं.
इथं निवळायला ओढा नाही.
माझ्या पोटात खड्डा पडतो,
कारण दिवस उरलेत अठरा, फार तर वीस.

सोळा सप्टेंबर. साडेबाराला कुणीच थांबलं नाही.
त्या साली अनसाबाईनं नुकतंच
एका गुराख्याचं मोडकं मनगट हातात घेतलं होतं.
म्हणाली, “आता दात आवळ, आणि”

हिवाळा गेला, ती तशीच बसून.
डबल शिफ्ट, धुक्यात क्रेनचे दिवे,
लांब वाळूत सुट्टीवाल्यांच्या शेकोट्या.
जेबेल जैसवर गारा पडल्या म्हणून सगळे फोटो काढायला गेले,
मी खिळे मोजले.
मार्चातल्या वावटळीनं चलनांत वाळू भरली. झटकली नाही.
गुराखी काही ओरडला नाही. शहाणं पोरगं.

मेमध्ये बढती मिळाली.
अकराव्या मजल्यावर टेबल, खुर्चीला चाकं,
बारा महिने बावीस अंश.
दुपारी कुणी आडवं होत नाही.
दोन उन्हाळे अनसाबाई फिरकली नाही;
आली असती तर आधी घोंगडं मागितलं असतं तिनं.

यंदा पंधरा जूनला, जेवणाच्या सुट्टीत,
लिफ्टनं थेट गाड्यांच्या तळघरात उतरलो.
गरम बॉनेटवर चलनं पसरली.
वॉचमन गुलजरीन धावत आला,
“साहेब, वर एसी बंद पडलाय का?”
म्हटलं, नाही रे, चालू आहे. म्हणून तर.

उकाडा चढत गेला. चष्मा धुरकटला.
“आता दात आवळ, आणि”
आणि काय?
मानेवरून पहिली धार उतरली तेव्हा लिहिलं:
श्वास सोड.

कट्कन आवाज झाला.
पोरगं ओरडलं, तीन वर्षांचं सगळं.

एक वाजून चाळीस.
सुट्टी केव्हाच संपली होती.